गंगापूर रोडवरील कीटकांचे रविवारचे वितरण

फुलपाखरे, पतंग आणि भुंगेरे यांचे वितरण म्हणजे कोणती जात कुठे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या झाडावर आढळते याचा हिशोब. हा हिशोब नकाशावर ठिपक्यांनी मांडतात. ठिपका दिसला की तेथे तो कीटक राहतो, असा वाचणाऱ्याचा समज होतो. वास्तविक एका ठिपक्यामागे पाच अटी असतात: तेथे कीटक असावा, त्याच वेळी माणूस असावा, माणसाला कीटक दिसावा, ओळखता यावा, आणि घरी पोचल्यावर ते लिहून ठेवण्याइतका उत्साह माणसात शिल्लक राहावा. पहिली अट कीटक बिनबोभाट पाळतो. उरलेल्या चार माणसाकडे असतात. नाशिकच्या गंगापूर रोडवर त्या कशा पाळल्या जातात हे पाहिले, की वितरणाचे शास्त्र बरेचसे कळते.

गंगापूर रोड अशोक स्तंभापाशी सुरू होतो आणि गोदावरीच्या उजव्या काठाने, प्रवाहाच्या उलट, पश्चिमेला धरणाकडे जातो. वाटेत जुना गंगापूर नाका, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर आणि गंगापूर गाव लागते. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे तो कित्येक पटींनी वाढतो. त्यामुळे दख्खनच्या कोरड्या माळावरच्या जाती आणि सह्याद्रीच्या ओल्या रानातल्या जाती यांची गाठ पडावी अशी ही जागा आहे. प्रत्यक्षात येथे सर्वांत जास्त गाठी वाहनांच्या पडतात. पण त्यांची नोंद दुसऱ्या खात्यात होते.

अभ्यासाच्या सोयीसाठी रस्त्याचे तीन पट्टे पाडता येतात. पहिला पट्टा दुकाने, क्लासेस आणि दवाखाने यांचा. रस्ता रुंद झाला तेव्हा काही जुनी झाडे जागची हलली नाहीत आणि रस्त्याच्या अंगातच उभी राहिली. वड, पिंपळ, उंबर यांच्या पानांवर कॉमन क्रो या काळपट तपकिरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. गाडीवाला ज्या झाडाच्या नावाने बोटे मोडतो, त्याच झाडावर एखादे कुटुंब वाढत असते, पण सिग्नल सुटल्यामुळे ते कोणी पाहत नाही. तिसरा पट्टा द्राक्षमळे, फार्महाऊस आणि धरणाचा. या दोहोंच्या मधला दुसरा पट्टा सोसायट्या आणि मोकळ्या प्लॉटचा. फुलपाखरांचे खरे वैभव याच पट्ट्यात आहे, आणि तेही सोसायट्यांमध्ये नसून प्लॉटमध्ये आहे.

याचे कारण साधे आहे. फुलपाखरू मध कोणत्याही फुलाचा पिते, पण अंडी घालताना ते विलक्षण चोखंदळ होते. प्लेन टायगर रुईवर अंडी घालते, कॉमन कॅस्टर एरंडावर, एमिग्रंट बहावा-टाकळ्यावर, ग्रास यलोलाही टाकळा चालतो. घाणेरीच्या फुलांवर तर बहुतेक सगळी जमतात. रुई, एरंड, टाकळा, घाणेरी ही यादी कोणत्याही नर्सरीच्या फलकावर सापडणार नाही. पण मालक फिरकत नसलेल्या प्लॉटवर ती पहिल्या पावसात आपोआप उगवते. याउलट सोसायटीच्या बागेत हिरवळ असते, ती वेळच्या वेळी कापली जाते, आणि कडेने शोभेची विदेशी झाडे असतात, ज्यांची पाने इथल्या बहुतेक अळ्या तोंडात धरत नाहीत. म्हणून उत्तम अधिवास म्हणजे मालकीचा वाद चालू असलेला प्लॉट. भावाभावांतला दिवाणी दावा जितका लांबेल, तितक्या जातींची संख्या वाढते. वरच्या कोर्टात अपील झाले तर आणखी काही पावसाळ्यांची निश्चिंती होते. तडजोड मात्र घातक. तडजोडीनंतर पंधरा दिवसांत जेसीबी येतो.

आता वेळेकडे. फुलपाखराच्या शरीरात स्वतःची ऊब टिकत नाही. स्नायू उन्हाने पुरेसे तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, म्हणून सकाळी ते पंख पसरून ऊन खात बसते. नाशिकला थंडीत पहाटेचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो. अशा दिवशी नऊ वाजेपर्यंत एकही फुलपाखरू कामावर रुजू होत नाही. पक्षीनिरीक्षक पहाटे साडेपाचला निघतात. त्यांच्याच गाडीतून निघालेल्या फुलपाखरू निरीक्षकाला तीन तास मोकळे मिळतात. हे तीन तास कुठे काढावेत, असा प्रश्न इतर गावांत पडत असेल. गंगापूर रोडच्या पश्चिम भागात रविवारी सकाळी मिसळ मिळते; सोबत पापड, दही, जिलेबी, आणि बसायला झाडाखालची खाट. तेव्हा आधी मिसळ आणि मग फुलपाखरे हा क्रम पूर्णपणे शास्त्राला धरून आहे. फक्त त्याचा परिणाम नकाशावर उमटतो. ठिपके मिसळीच्या ठिकाणांपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरात दाटतात. केवळ नकाशा पाहून निष्कर्ष काढणाऱ्याने नाशिकच्या फुलपाखरांना रश्श्याची ओढ आहे असे लिहिले, तर आकडेवारी त्याच्याच बाजूने उभी राहील.

रविवारप्रमाणे महिन्याचेही आहे. आपल्याकडे फुलपाखरे सर्वांत जास्त दिसतात ती पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत. सप्टेंबर हा महिना २०२० पासून देशभर फुलपाखरांचा महिना म्हणून पाळला जातो तो यासाठीच. या काळात रस्त्याला खड्डे असतात, प्लॉटमध्ये चिखल असतो आणि गवतात साप असण्याची शक्यता असते, म्हणून निरीक्षक गच्चीवरून पाहतो. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुरेख होते, गवत वाळते, निरीक्षक बाहेर पडतो आणि फुलपाखरे कमी झाली म्हणून हळहळतो.

मोजणीची सर्वमान्य पद्धत ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, एका संथ गतीने चालायचे. डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर अशी एक अदृश्य पेटी मनात धरायची आणि तिच्यात येईल तेवढेच फुलपाखरू मोजायचे. मागे वळून पाहायचे नाही, मोहात पडून वाट सोडायची नाही. ब्रिटनची राष्ट्रीय मोजणी १९७६ पासून याच पद्धतीने चालू आहे. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक ही पद्धत न शिकता तंतोतंत पाळतात: तीच वाट, तीच वेळ, तोच वेग. पाच मीटरच्या पेटीत येणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्या नजरेत भरते. कोणाच्या गेटसमोर कचरा आहे, कोणाची गाडी रात्री उशिरा आली, दूधवाला कोणाकडे थांबला. एवढ्या शिस्तीचे मनुष्यबळ रोज हजर असताना त्यांच्या पेटीत फुलपाखराचा रकाना नाही, ही या विषयाची मोठी हानी आहे.

फुलपाखरू पाहणाऱ्याला पुढे अळी भेटते आणि तेथे अनेकांचे निसर्गप्रेम संपते. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन यांच्या अळ्या लिंबू आणि कढीपत्त्यावर वाढतात. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेचा वेष घेते, मोठेपणी हिरवी होते, आणि डिवचल्यास डोक्यामागून लालसर रंगाचे दुबेळके बाहेर काढून उग्र वास सोडते. एवढी तयारी पक्ष्यांसाठी पुरेशी आहे. कढीपत्त्याच्या मालकिणीसाठी नाही. फोडणीला पाने कमी पडली की ती फवारणी करते, आणि त्याच सोसायटीची वार्षिक सभा बटरफ्लाय गार्डनसाठी निधी मंजूर करते. फुलपाखरू हवे पण अळी नको, ही मागणी जीवशास्त्राला अजून पुरवता आलेली नाही.

ओळखण्याच्या अटीतही अडचणी आहेत. कॉमन मॉर्मनची मादी तीन रूपांत आढळते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ आणि तिसरी क्रिमसन रोझ या बेचव, विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी. पक्षी फसतो आणि तिला सोडून देतो. निरीक्षकही फसतो, पण तो फोटो सगळ्यांना पाठवतो. या नकलेमागे एकच जनुक आहे, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. त्यातून फुलपाखराचे कोडे सुटले. निरीक्षकांच्या गटात तिसऱ्या रूपावरून चाललेले वाद सुटलेले नाहीत. ओळखीचा फायदा ज्या जातीला सर्वांत जास्त मिळाला ती ब्लू मॉर्मन. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तिला राज्य फुलपाखराचा मान दिला; असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. तळहाताएवढे, काळेभोर, निळ्या पट्ट्यांचे हे फुलपाखरू ओळखायला सोपे, शिवाय शासनमान्य. अशा जातीच्या नोंदी वाढतात तेव्हा फुलपाखरू पसरले की त्याचे नाव, हे तपासून घ्यावे लागते. गवतात उडणारे नखाएवढे निळे-करडे फुलपाखरू कितीतरी अधिक संख्येने असते. त्याचे नाव येत नसल्यामुळे ते नकाशावर दुर्मिळ ठरते.

सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठच्या ओल्या वाळूवर नर फुलपाखरे थव्याने बसतात. त्यांना फुलांत न मिळणारे क्षार हवे असतात, आणि ते ओल्या मातीत, शेणात, क्वचित जनावराच्या मुतातही मिळतात. हे क्षार नर पुढे मीलनाच्या वेळी मादीला देतो. फुलपाखरांवर कविता करणाऱ्यांनी हा थवा कशावर बसला आहे हे जवळ जाऊन पाहू नये. आणखी काही जाती, उदाहरणार्थ आंब्याच्या पानावर वाढणारे बॅरन, फुलांकडे फारशा वळत नाहीत. त्यांना पिकून फुटलेल्या, आंबलेल्या फळांचा रस लागतो. रस्त्याच्या पश्चिम टोकाला, वाइनरीच्या परिसरात, ही आवड आणखी एका प्राण्यात शनिवार-रविवारी ठळक दिसते. मात्र तो प्राणी परतताना सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे त्याची मोजणी अवघड होते.

पतंगांकडे वळल्यावर परिस्थिती बदलते. भारतात फुलपाखरांच्या साधारण १३०० हून अधिक जाती आहेत. पतंगांच्या १०००० हून अधिक. एवढा मोठा वर्ग असूनही त्यांच्यापैकी प्रसिद्धी मिळते ती मुख्यतः एकाला. ॲटलास पतंगाच्या पंखांचा विस्तार २५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि पंखांची टोके सापाच्या फण्यासारखी दिसतात. प्रौढ झाल्यावर त्याला खाता येत नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो थोडेच दिवस जगतो. त्यांपैकी एक रात्र तो कोणाच्या तरी व्हरांड्यात काढतो आणि दुसऱ्या दिवशी 'दुर्मिळ पतंग आढळला' अशी बातमी येते. दर पावसाळ्यात अनेक गावांत दुर्मिळ ठरणारा असा दुसरा प्राणी नाही.

पतंगांच्या अभ्यासाचे साहित्य असे: पांढरी चादर, दोरी, प्रखर दिवा, बॅटरी, कॅमेरा, आणि अंधारात चादर लावून काय चालले आहे असे वॉचमनने विचारल्यास द्यायचे उत्तर. शेवटची वस्तू सर्वांत महत्त्वाची. 'पतंग पाहतोय' हे उत्तर रात्री अकरा वाजता खरे असूनही पटत नाही. वॉचमन चेअरमनना उठवतो, चेअरमन परवानगीचा कागद मागतात, आणि तेवढ्या वेळात चादरीवर आलेले पतंग रातपाखरे, पाली आणि बेडूक यांच्यात वाटले जातात. उरलेल्यांपैकी मोठे आणि देखणे ओळखता येतात. बाकीचे लहान आणि तपकिरी असतात. त्यांतल्या कित्येकांची जात सूक्ष्मदर्शकाखाली शरीराचे भाग उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे वहीत 'लहान तपकिरी, बहुधा वेगळा' अशा नोंदी साचतात.

पतंग दिव्याकडे का येतो, याचे उत्तर शायरांनी शतकानुशतके परस्पर देऊन टाकले होते. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते बदलले. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असते, या भरवशावर उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. त्यावरून त्याला वर-खाली कळते. दिवा बाजूला किंवा खाली आला की त्याची पाठ दिव्याकडे वळते, तोल जातो आणि तो त्याच्याभोवती गरगरत राहतो. म्हणजे परवाना शमेवर जीव ओवाळून टाकत नव्हता. त्याची दिशाभूल झाली होती. गंगापूर रोडवर एलईडीचे दिवे आणि होर्डिंग इतकी आहेत, की दिशाभूल झालेल्या कीटकांचा वेगळा शोध घेण्याची गरज पडत नाही.

भुंगेऱ्यांची संख्या सर्वांत मोठी. जगात नाव दिलेल्या त्यांच्या जाती चार लाखांच्या घरात आहेत. ज्ञात प्राण्यांच्या दर चार जातींमागे साधारण एक भुंगेरा निघतो. तरी भुंगेरे पाहायला रविवारी कोणी गाडी काढत नाही. याला अपवाद काजव्यांचा. काजवा हाही भुंगेराच, पण तो उजेड देत असल्यामुळे त्याला महोत्सव मिळाला. मे अखेरीस आणि जूनमध्ये नाशिकहून गाड्यांची रांग भंडारदऱ्याकडे लागते. नर-मादी एकमेकांना अंधारात उजेडाने खुणा करतात, ते पाहण्यासाठी मंडळी हेडलाइट लावून जातात, मोबाईलचे टॉर्च पेटवतात आणि पूर्वीइतके काजवे राहिले नाहीत असे म्हणत परततात.

शेणात राहणाऱ्या भुंगेऱ्यांची कामगिरी याहून मोठी आहे. दक्षिण आफ्रिकेतला एक शेणकिडा शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतो, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले. गंगापूर रोडच्या गोठ्यांच्या परिसरात शेण भरपूर आहे. आकाशगंगा दिसण्याची सोय मात्र शहर वाढले तशी धरणापलीकडे सरकली आहे.

भुंगेऱ्यांच्या वितरणाचे सर्वांत नेमके ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यांना कोणी निरीक्षक म्हणत नाही. द्राक्षबागाईतदाराला उडद्या भुंगेरा छाटणीनंतर कोणत्या ओळीत आधी येतो हे तोंडपाठ असते, कारण तो फुटणारे डोळेच खातो. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात, हे शेतकऱ्याला माहीत असते. तो फांद्या हलवून त्यांना खाली पाडतो आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवतो. जात, खाद्यवनस्पती, तारीख, वेळ आणि संख्या, सगळे त्याच्याकडे असते. फक्त तो ते नकाशावर टाकत नाही, कारण तेवढ्यात दुसऱ्या बांधावर जायचे असते. सटाणा-मालेगावकडच्या डाळिंब उत्पादकाला तर एका फुलपाखराचे सखोल ज्ञान आहे. हे फुलपाखरू फुलांवर आणि कोवळ्या फळांवर अंडी घालते आणि अळी फळ पोखरते. त्याच्या पंखांवरची जांभळट झाक फार मोहक असते, हे त्या शेतकऱ्याला सांगायला जाऊ नये. घरातही तेच. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरताना सूप हातात घेतलेली बाई तांदळातला सोंडा एका नजरेत ओळखते, त्याची पैदास कोणत्या डब्यात सुरू झाली ते सांगते आणि शेजारणीच्या डब्यातून आला असावा असा प्रसाराचा मार्गही निश्चित करते.

नकाशावर माणसाची सवय उमटणे हे मिसळीपासून सुरू झालेले नाही. कर्नल चार्ल्स स्विन्हो यांनी मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांची यादी लंडनमध्ये १८८५ साली छापली; त्याच्या दोन वर्षे आधी, १८८३ मध्ये, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली होती. त्या काळचे संग्राहक बहुतेक लष्करी आणि सरकारी अधिकारी; साहजिकच कीटक सापडले ते छावणी, डाकबंगला आणि रेल्वेच्या आसपास. कारवारचे वन अधिकारी टी. आर. बेल यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी अळ्या घरी आणून पाळल्या, कोणती काय खाते ते वर्षानुवर्षे लिहिले, आणि त्यांच्या नोंदी आजही आधाराला घ्याव्या लागतात. पाहुण्यांनी फुलपाखरे जमवली. जो एका जागी राहिला त्याला अळ्या कळल्या.

जाती नेमक्या कुठे राहतात याविषयीच्या अपुऱ्या माहितीला जीवशास्त्रात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्या नावाने ओळखली जाणारी तूट म्हणतात. ही तूट महागड्या कॅमेऱ्याने भरत नाही. ती भरायची असेल तर मंगळवारी दुपारी जावे, गंगापूर रोड सोडून पेठ रोडला किंवा सिन्नरच्या माळावर जावे, आणि जेथे खायला काही मिळत नाही तेथे मुद्दाम थांबावे. नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, झाड आणि संख्या लिहावी. काहीच दिसले नाही तर तेही लिहावे. शून्य ही नोंद सर्वांत कमी मिळते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते. शेतकऱ्याला आणि घरच्या बाईला विचारून त्यांच्या नोंदी त्यांच्याच नावाने उतरवून घ्याव्यात. एवढे जमणार नसेल, तर कढीपत्त्यावर फवारणी करण्यापूर्वी अळीचा एक फोटो तरी काढावा.